२६८ कँड्यांचा हिशेब

२०२४ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांकडे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन (मुले सोंगे घेऊन दारोदार कँडी मागतात तो इथला सण) एकाच संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी ३१ ऑक्टोबरला आले. महाराष्ट्रात बहुतेकांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला केले; इथे मात्र अमावास्येचा प्रदोषकाळ आदल्या दिवशीच मिळत होता. त्यामुळे त्या रात्री आमच्या न्यू जर्सीतील घरात एकीकडे फराळाचे डबे होते आणि दुसरीकडे मुलांनी दारोदार फिरून गोळा केलेली जवळजवळ चार किलो कँडी होती. त्या कँडीचे काय करायचे या प्रश्नात आमचा पुढचा महिना गेला. नव्याने इकडे आलेल्या दोन मैत्रिणींनी हाच प्रश्न मला विचारला, म्हणून तो सगळा क्रम इथे मांडत आहे.

सुरुवात आदल्या वर्षीच्या चुकीपासून करायला हवी, कारण २०२४ मध्ये जे काही केले ते त्या चुकीमुळे केले. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा पाच वर्षांचा. धाकट्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. दीड वर्षाचा असताना साबुदाण्याच्या खिचडीचा एक घास खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजले आणि रुग्णालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा ती कळली. त्या दिवसापासून आमच्या घरातून शेंगदाण्याचे कूट हद्दपार झाले. मराठी स्वयंपाकघरातून कूट जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या हॅलोवीननंतर मी मुलांना काही न सांगता, रात्री ती झोपल्यावर, अर्ध्याहून अधिक कँडी कचऱ्यात टाकली. शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी येण्याआधी पिशवी फाटली आणि शाळेत निघालेल्या मुलीने फुटपाथवर पसरलेली स्वतःची कँडी पाहिली. ती रडली नाही, भांडलीही नाही. डिसेंबरमध्ये पुस्तकांचे कपाट सरकवले तेव्हा त्यामागे कँडीचे सतरा रिकामे कागद सापडले आणि त्यांत रीसेसच्या पीनट बटर कपांचे चार कागद होते. मुलांची खोली एकच आहे. धाकटा त्याच कपाटाला टेकून खेळत असे. आपण साखरेच्या भीतीने केलेल्या चोरट्या कामामुळे शेंगदाणा पुन्हा घरात आला आणि तोही लपून, हे लक्षात आल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून २०२४ मध्ये आम्ही दोघांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ठरवले की कँडीबाबत काहीही मुलांच्या अपरोक्ष करायचे नाही. अनेक घरांत ‘स्विच विच’ची पद्धत असते. मुले रात्री कँडी दाराशी ठेवतात, ‘चेटकीण’ ती घेऊन जाते आणि बदल्यात खेळणे ठेवते. धाकट्याला ती फार आवडली असती, पण मुलीने आदल्या वर्षी खरी चेटकीण कोण ते पाहिले होते, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

१२ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, चौघे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि कागदावर करार लिहिला. कलमे मुलीने इंग्रजीत लिहिली आणि धाकट्याने खाली स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर काढले. पहिले कलम असे होते की जमवलेली कँडी मुलांच्या मालकीची आहे, आईबाबांच्या नाही. दुसरे, वर्गवारी होईपर्यंत रस्त्यात एकही कँडी तोंडात जाणार नाही. तिसरे, जी कँडी घरात ठेवता येत नाही ती आईबाबा नगाला १० सेंट देऊन विकत घेतील. चौथे, पहिले दोन दिवस मोकळीक आणि त्यानंतर रोज दोन, त्याही जेवणासोबत. पाचवे कलम मुलीने स्वतःहून घातले: ‘आई काही फेकणार नाही.’ मी सही केली.

मोकळीक देण्याची कल्पना आमची नव्हे. मुलांच्या खाण्यावर दीर्घकाळ काम केलेल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा सल्ला असा आहे की पहिल्या दिवशी, आणि हवे तर दुसऱ्याही दिवशी, मुलांना हवे तितके खाऊ द्यावे आणि मग कँडी जेवणाच्या व मधल्या खाण्याच्या वेळांत बसवावी. हे वाचताना मला पटले नव्हते. पण आदल्या वर्षीची माझी पद्धत पटण्याजोगी नव्हती, हेही तितकेच खरे होते.

१४ ऑक्टोबरला मी दंतवैद्यांना फोन करायला सुरुवात केली. इथे अनेक दातांचे दवाखाने हॅलोवीननंतर मुलांची न उघडलेली कँडी पौंडाला एक डॉलर देऊन परत घेतात. विस्कॉन्सिनमधील दंतवैद्य ख्रिस कॅमर यांनी २००५ मध्ये हा उपक्रम सुरू केला आणि तो देशभर पसरला. जमलेली कँडी बहुधा ऑपरेशन ग्रॅटिट्यूडसारख्या संस्थांमार्फत सैनिकांना पाठवल्या जाणाऱ्या खोक्यांत जाते. संकेतस्थळावरील यादीत नाव असलेल्या पहिल्या दवाखान्याने तो उपक्रम केव्हाच बंद केला होता. दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसऱ्याने सांगितले की ६ आणि ७ नोव्हेंबरला दुपारी साडेतीन ते सहा या वेळात या, प्रत्येक मुलामागे पाच पौंडांपर्यंतच घेऊ, वेष्टन फाटलेले चालणार नाही आणि चॉकलेट वेगळ्या पिशवीत आणा. हा फोन ऑक्टोबरच्या मध्यालाच करावा. नोव्हेंबर उजाडल्यावर विचारायला गेलात तर तारखा निघून गेलेल्या असतात.

याच सुमारास दाराशी ठेवायचा मोरपिशी रंगाचा प्लास्टिकचा भोपळा आणला. इथे त्या रंगाला टील म्हणतात, आणि तसा भोपळा दाराशी असला की या घरी खाण्याव्यतिरिक्तही काही मिळते असा त्याचा अर्थ होतो. खाद्य ॲलर्जीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या फेअर या संस्थेने २०१४ मध्ये ही प्रथा देशभर नेली. त्यात ठेवायला पेन्सिली, स्टिकर आणि अंधारात चमकणाऱ्या बांगड्या घेतल्या, त्यांचे १८ डॉलर झाले. बाकीच्या मुलांसाठी शेंगदाणाविरहित कँडीच्या दीडशे नगांच्या दोन पिशव्या घेतल्या, त्यांचे ४२ डॉलर. या दोन पिशव्यांची गोष्ट पुढे येईल.

कँडी एका रात्रीत जमते हा माझा सुरुवातीच्या वर्षांतला गैरसमज होता. २६ ऑक्टोबरला, शनिवारी, शाळेच्या वाहनतळात ‘ट्रंक ऑर ट्रीट’ झाले. त्यात पालक आपापल्या गाड्यांच्या डिक्या सजवून उभे राहतात आणि मुले एका डिकीकडून दुसऱ्या डिकीकडे जातात. मग यजमानांच्या कार्यालयातल्या कार्यक्रमाची एक पिशवी घरी आली. मुख्य दिवस उजाडण्याआधीच घरात साठेक नग होते.

३१ तारखेला उकाडा होता. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुले अंगावर जाड पोशाख चढवून घामाघूम होत होती. अंधार सहाच्या सुमारास पडतो, म्हणून साडेचारला बाहेर पडायचे, सव्वासहाला परतून लक्ष्मीपूजन करायचे आणि पुन्हा अर्धा तास फिरायचे असे ठरवले. अंगणातल्या रांगोळीचे आणि पणत्यांचे शेजारच्या आजोबांनी हॅलोवीनची सर्वांत देखणी सजावट म्हणून कौतुक केले. मी खुलासा करायला गेले, तोवर मागून तीन सांगाडे आणि एक मधमाशी आली, म्हणून ‘थँक यू’ म्हणून सोडून दिले. मुलगी उशीचा अभ्रा घेऊन फिरत होती, कारण भोपळ्याच्या आकाराची बादली लवकर भरते. धाकटा प्रत्येक दारात ‘पीनट नको’ हे पाठ केलेले इंग्रजी वाक्य म्हणत होता, आणि तरीही निम्म्या घरांत त्याच्या हातावर शेंगदाणे असलेले स्निकर्स ठेवले जात होते. त्यात देणाऱ्यांचा दोष नव्हता. मुलाच्या तोंडावर डायनासोरचा मुखवटा होता. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यावर तातडीने द्यायचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन माझ्या पर्समध्ये होते.

रात्री साडेआठला दिवाणखान्यात जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर सगळे ओतले. हे जमिनीवर किंवा गालिच्यावर कधीही करू नये, कारण एखादे वेष्टन फुटलेले असतेच; चादर तशीच उचलून धुता येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३.९ किलो भरले, म्हणजे साडेआठ पौंडांच्या वर. मुलीने नग मोजले, ते २६८ निघाले.

वर्गवारीचा पहिला निकष शेंगदाणा होता. रीसेस, स्निकर्स, बटरफिंगर यांत तो असतोच. पण ट्विक्स, मिल्की वे आणि साध्या एम अँड एम्स यांच्या वेष्टनावरही तो असण्याची शक्यता नोंदवलेली असते. खरी अडचण अशी की लहान आकाराच्या पुष्कळ कँड्यांवर घटकांची यादीच छापलेली नसते. ती मोठ्या पिशवीवर असते आणि ती पिशवी दुसऱ्याच्या घरी राहते. शिवाय एकाच कँडीच्या लहान आणि मोठ्या आकारातले घटक कधीकधी वेगळे असतात, म्हणून मोठ्या आकाराची यादी पाहून लहान आकार सुरक्षित धरता येत नाही. आमचा नियम सोपा आहे: यादी नाही, तर तो नग शेंगदाण्याच्या ढिगात. त्या ढिगात ६१ नग गेले.

दुसरा निकष जिलेटिनचा. आम्ही शाकाहारी आहोत, आणि इथे आल्यावर पहिली तीन वर्षे मी स्वतः आनंदाने मार्शमॅलो खात होते, हे कबूल करते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. इथल्या स्टारबर्स्टमध्ये आणि बहुतेक गमीमध्ये, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्यांत, ते असते. स्किटल्समधून ते काही वर्षांपूर्वी काढले गेले. कँडी कॉर्न या पिवळ्या-केशरी दाण्यांत बहुधा जिलेटिन असते आणि वर चकाकीसाठी लाखेचा थर असतो, म्हणजे आपल्या लाखेच्या बांगड्यांतली तीच लाख. हे सांगितल्यावर मुलीने कँडी कॉर्नची पुडी हातावर घासून पाहिली. शाकाहारी मैत्रिणी स्टारबर्स्ट खातात, मग आपणच का नाही, हा तिचा प्रश्न बराच वेळ चालला. मी एवढेच सांगितले की आपल्याला ठाऊक झाले आहे, त्यांना कदाचित नसेल, आणि मोठी झाल्यावर तुझे तू ठरव. या ढिगात ३८ नग गेले.

कोणी कँडीत विष किंवा टाचणी घालेल या धास्तीने सासूबाईंनी पुण्याहून दोन निरोप पाठवले होते. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि अनोळखी माणसाने दिलेल्या अशा कँडीमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध प्रकरण त्यांना आढळले नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये जो मुलगा सायनाइड घातलेल्या कँडीने गेला, त्याला ती स्वतःच्या वडिलांनीच दिली होती. तरी फाटलेले आणि घरी केलेले नग आम्ही पाहून घेतलेच. आमच्याकडे तसे काही निघाले नाही.

उरलेल्या १६९ नगांतून मुलांनी आवडीचे ९० निवडले आणि नावडीचे ७९ बाजूला काढले. मुले आवडीचे इतके थोडे ठेवतील अशी माझी कल्पना नव्हती. मालकी त्यांची आहे हे एकदा नक्की झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मालाची जी कठोर छाननी केली, ती मी केली असती तर भांडण झाले असते.

शेंगदाण्याच्या ढिगावर मात्र पेच उभा राहिला, कारण रीसेस हे मुलीचे सर्वांत आवडते, आणि भावाच्या ॲलर्जीची किंमत दर वेळी तिनेच का मोजायची, हा तिचा मुद्दा खोटा नव्हता. अखेर तिने सहा नग निवडले. ते बाबांच्या कार्यालयातल्या खणात राहतील, शनिवारी बाबांबरोबर बागेत जाऊन ती एकेक खाईल आणि घरी येण्याआधी साबणाने हात धुऊन तोंड ओल्या पुसणीने पुसेल, असे सहावे कलम करारात जोडले गेले. हँड सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही, त्याला साबण-पाणी किंवा ओली पुसणीच लागते, हे ॲलर्जी असलेल्या घरांनी लक्षात ठेवावे. उरलेले ५५ आणि जिलेटिनचे ३८ असे ९३ नग आम्ही ९ डॉलर ३० सेंटला विकत घेतले आणि चिकटपट्टी लावून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवले.

मोकळिकीच्या पहिल्या रात्री मुलीने ११ आणि धाकट्याने ८ नग खाल्ले. मी शेजारी बसून अनारसे तळलेल्या हातांनी मनातल्या मनात साखर मोजत होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते दोन वर्षांवरील मुलांच्या पोटात दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी वरून घातलेली साखर जावी, आणि अशा एका लहान चॉकलेटमध्येच साधारण ८ ते १० ग्रॅम असते. हे मी फोनवर सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “अगं, आणि शंकरपाळ्यांत काय मीठ घालतेस?” दुसऱ्या दिवशी शाळेला दिवाळीची सुट्टी होती. त्या दिवशी मुलीने ६ आणि धाकट्याने ३ खाल्ले. पोट दुखत असल्याची तक्रार मुलीने स्वतःहून केली, आणि मी प्रयत्नपूर्वक गप्प राहिले.

२ नोव्हेंबरपासून रोज दोनचा नियम सुरू झाला. उरलेले ६२ नग स्टीलच्या डब्यात घालून डबा ओट्यावर, सर्वांना दिसेल असा ठेवला. कँडी जेवणासोबतच द्यायची यामागे दातांचे कारण आहे: जेवताना लाळ अधिक सुटते आणि ती आम्ल धुऊन नेते. एकूण किती खाल्ले यापेक्षा दिवसभरात किती वेळा तोंड गोड झाले याचा दातांवर अधिक परिणाम होतो. दाढेत चिकटून बसणारी टॉफी सर्वांत वाईट, म्हणून ती मुलांनीच नावडीच्या ढिगात टाकावी असे मी हळूच सुचवले होते. करारात सुचवायला बंदी नव्हती.

७ नोव्हेंबरला, गुरुवारी, शिक्षकांच्या वार्षिक अधिवेशनामुळे न्यू जर्सीतल्या शाळा बंद होत्या. आम्ही पावणेचारला १७२ नग घेऊन दवाखान्यात पोचलो, तर रांग दाराबाहेर आली होती. चाळीस मिनिटे थांबलो. अर्जावर पालकाचे नाव, फोन, मुलांची वये आणि ‘सध्याचा दंतवैद्य कोण’ असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला, तरी पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी बोलावणारा फोन आलाच. सैनिकांसाठी पत्र लिहायला कागद ठेवले होते. फक्त पहिले नाव लिहावे, पत्ता लिहू नये, चमकी लावू नये अशा सूचना होत्या. मुलीने पत्र लिहिले आणि मग काउंटरवरच्या बाईंना विचारले की सैनिकांचे दात किडत नाहीत का. त्या हसल्या, उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते, आणि आपल्या मुलांना नको असलेली साखर दुसऱ्याच्या पानात वाढण्याविषयीची माझी शंका अजून पुरती गेलेली नाही. वजन साडेपाच पौंड भरले. त्यांनी सहा डॉलर दिले आणि वर दोन टूथब्रश. म्हणजे ९ डॉलर ३० सेंटला घेतलेला माल आणि त्यावर मुलांचा स्वतःचा माल मिळून सहा डॉलर आले, आणि तेही मुलांनीच वाटून घेतले. या व्यवहारात नफा शोधू नये.

डब्यातल्या कँडीचे मुलांना पहिले दहा दिवस अगत्य होते. नंतर एखाद्या दिवशी विसर पडू लागला, मग दोन-तीन दिवस. २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, मी डबा उघडला तेव्हा आत नऊ नग शिल्लक होते. कपाटामागे या वर्षी मी दोनदा पाहिले. एकदा मुलीने मला पाहताना पाहिले आणि काही न बोलता कपाट सरकवायला हात लावला. मागे धूळ होती आणि एक हरवलेला मोजा.

खरा अतिरिक्त साठा निघाला तो आमचाच. वाटण्यासाठी आणलेल्या तीनशे नगांपैकी ११० उरले होते, म्हणजे मुलांनी आवडीने ठेवलेल्यांपेक्षा अधिक, आणि त्यांचा करारात उल्लेखच नव्हता. इथे सगळे पालक मुलांच्या पिशवीकडे डोळे लावून बसतात आणि आपल्या दाराजवळच्या टोपलीचा हिशेब कोणी करत नाही. दवाखान्याच्या तारखा तोवर उलटून गेल्या होत्या. डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला जाणारच होतो, म्हणून अनिवासी भारतीयांचा परंपरागत उपाय केला: २३ किलोच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत त्या दोन पिशव्या बसवल्या. चॉकलेट असलेली बॅग पुण्यात पोचल्यावर दुपारच्या उन्हात गाडीत ठेवू नये, एवढी एकच सूचना इथे करते. भाचरांनी दोन दिवसांत पिशव्या रिकाम्या केल्या आणि कोणताही करार केला नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नातीसाठी, तिच्या एकटीपुरती, शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी आणून ठेवली होती, लोणावळ्याहून आलेली. धाकटा आत झोपला होता. मुलीने पुडी हातात घेतली, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, “आजी, ही तिकडे न्यायची नाही. आपण दोघी गॅलरीत बसून आत्ताच संपवू, आणि मग मला साबण दे.”